मगाचं स्वेटर खाली घसरत होतं, मग हे केलं

भाचीच्या स्वेटरची लोकर उरली होती, पिवळी आणि राखाडी, दोन्ही अ‍ॅक्रिलिक. टाकवत नाही आणि एवढ्याशा गुंड्यात दुसरं काही होतही नाही, म्हणून चहाच्या मगाला कव्हर विणलं. दिसायला झकास, पण माझा मग खाली निमुळता, त्यामुळे साधी सुलट वीण दर घोटाला घसरून बुडाशी जमा व्हायची.

शेवटी उसवलं आणि २ सुलट २ उलट अशी रिब (उभ्या रेघांची, ताणली जाणारी वीण) घातली. १० नंबरच्या सुया, ४६ टाके. सुयांवरून काढल्यावर पट्टी इतकी आखडते की मगाला पुरणार नाही असंच वाटतं, पण तेच तर हवंय, ताणून बसवली की घट्ट धरते. पिवळी लोकर जरा बारीक होती, ती दुहेरी घेतली, नाहीतर त्या रंगाचा पट्टा सैल पडतो.

कानापाशी शिवून टाकू नका हां, धुवायला काढायचं कसं? दोन्ही कडा कानाच्या पोकळीतून एकमेकींजवळ आणायच्या, एका कडेला जुन्या शर्टाचं बटण आणि दुसऱ्या कडेला क्रोशाच्या साखळीचा फासा. बटण चपटंच घ्या, जाड असेल तर मग धरताना बोटांना टोचतं. आणि बुडाकडे सेंटीमीटरभर जागा मोकळी सोडायची, ओट्यावरचं पाणी लोकर लगेच शोषते.

खरी लोकर वापरणार असाल तर गरम पाण्यात धुऊ नका, आटते. आता नवऱ्याला त्याच्या स्टीलच्या ग्लासालाही पाहिजे म्हणे!