शाळेत लेकराला त्रास होतोय? तक्रार करताना या चुका टाळा

आमच्या गावच्या झेडपी शाळेत मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, पालकांमधून निवडून आलेय, त्यामुळे वस्तीवरचे आईबाप शाळेतलं काही असलं की माझ्या दारात येतात. गेल्या वर्षी एक ताई आल्या. मुलगा सहावीत, मोठी पोरं त्याचा डबा हौदात टाकायची, दप्तरावर थुंकायची, जातीवरून हाका मारायची. ताईंनी सरांना चार वेळा सांगितलं होतं, एकदा गेटवर, एकदा बाजारात, दोनदा पालकसभेत. पहिल्यांदा कधी सांगितलं विचारलं तर म्हणाल्या दिवाळीच्या आधी, तारीख कुठं लक्षात राहते. मी शाळेत गेले तर हेडसर म्हणाले, आमच्याकडे अशी तक्रारच आलेली नाही. आणि रेकॉर्ड बघितलं तर खरंच काही नव्हतं.

तोंडी सांगून घरी येणं

बहुतेक तक्रारी इथेच मरतात. सर बघतो म्हणतात, आपल्याला बरं वाटतं, आणि महिनाभराने परत तेच. म्हणून पहिल्याच वेळी साध्या कागदावर अर्ज लिहा, मुख्याध्यापकांच्या नावाने, आणि त्यात "माझ्या मुलाला खूप त्रास होतो" एवढंच लिहून थांबू नका, त्यावर कोणी काही करू शकत नाही. कोणत्या तारखेला, मधल्या सुट्टीत की शाळा सुटताना, कुठे, कोणी, काय केलं, कोणते शब्द वापरले (शिवी असली तरी जशीच्या तशी लिहा, जातीवरून असेल तर नक्कीच, कारण मोठ्या माणसाने तसं बोललं असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा विषय होऊ शकतो), कोणी पाहिलं, आणि शेवटी तुम्हाला शाळेकडून काय हवंय ते. उदाहरणार्थ मधल्या सुट्टीत एक शिक्षक हौदापाशी उभे राहावेत. असं नेमकं मागितलं की नाही म्हणणं अवघड जातं.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर सही, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक (शाळेच्या रजिस्टरात अर्ज नोंदवल्याचा नंबर) घ्यायचा. ही पोच म्हणजे तुमचं सगळं बळ. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर भांडत बसू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. एक प्रत केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळा बघणारे अधिकारी), एक तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि एक व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान ७५ टक्के आईवडील-पालक असतात आणि निम्म्या बायका असायला लागतात, पण गावोगावी लोकांना ही समिती आहे हेच ठाऊक नसतं. बैठकीत विषय घ्यायला लावा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

पोराचीच उलटतपासणी

"तू पण काहीतरी केलं असशील" हे वाक्य घरात कोणी म्हणालं की लेकरू मिटतं, आणि मग महिनोन्महिने बोलत नाही. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शाळेतही हेच होतं, बाई वर्गात सगळ्यांसमोर उभं करून विचारतात कोण मारतो तुला, आणि मारणारा पुढच्या बाकावर बसलेला असतो, मग पोरगं काय सांगणार? कुणी नाही म्हणतं, आणि प्रकरण संपलं असं धरतात.

थेट विचारू नका, आडून विचारा. मधल्या सुट्टीत कुठे बसतोस, कोणासोबत येतोस घरी. एक खूण मला कायम दिसते, घरी आल्या आल्या पोर दप्तर टाकून आधी संडासात पळतं, म्हणजे दिवसभर शाळेच्या मुतारीत गेलेलंच नाही, कारण तिथेच गाठतात. सांगायला लागलं की मधे थांबवू नका, परत परत वदवून घेऊ नका, आणि मोबाईलवर त्याचा रडतानाचा व्हिडिओ तर अजिबात काढू नका. अंगावर वळ असतील तर त्यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून केसपेपर घ्या, चार दिवसांनी वळ जातात.

चुकीचं दार ठोठावणं

त्रास कोण देतंय आणि कसला, यावर कुठे जायचं ते ठरतं, आणि इथे लोकांचे महिने वाया जातात.

शिक्षक मारत असतील किंवा घालूनपाडून बोलत असतील तर आरटीई कायदा २००९ चं कलम १७ आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. ६ ते १४ वयासाठी. लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद किंवा महापालिका, आणि कलम ३२ म्हणतं की त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. नाही पटला तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. पोर मोठं असेल, नववी-दहावीत, तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ बघा, ते १८ वर्षांपर्यंत चालतं.

मोठी पोरंच त्रास देत असतील तर महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे १९९९ चा, लोकांना वाटतं तो फक्त कॉलेजचा, पण त्यात होस्टेलही येतं, म्हणून आश्रमशाळेतल्या पालकांनी तो लक्षात ठेवावा. लेखी तक्रार आल्यावर प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते.

आणि लैंगिक काही असेल, नको तिथे हात लावणं, घाणेरडे फोटो दाखवणं, कपडे काढायला लावणं, तर शाळेच्या अर्जाची वाट बघायचीच नाही. थेट पोलीस. पॉक्सो कायदा २०१२ मुलगा मुलगी दोघांनाही आहे, मुलाच्या बाबतीत "पोरांची मस्ती" म्हणून सोडून देणारे खूप भेटतात, प्लीज असं करू नका. "आधी आम्ही आतली चौकशी करतो" असं शाळा म्हणाली तर मान्य करू नका. ज्याला कळलं त्याने कळवलंच पाहिजे हे कलम १९, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतच एवढ्याशा मुलींवर अत्याचार झाला ते आपण सगळ्यांनी पाहिलं, आणि आईबापांना गुन्हा नोंदवायला तासन् तास थांबावं लागलं, लोक रेल्वे रुळावर उतरले तेव्हा राज्य हललं. ती शाळा खासगी होती, पण त्यानंतरच्या शासन निर्णयात सगळ्याच शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती) आणि असा प्रकार घडला तर २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक झालं. तुमच्या शाळेत तक्रारपेटी कुठे टांगलीय आणि ती शेवटची कधी उघडली, एवढं जाऊन विचारा.

पॉक्सोत जबाब घरी किंवा लेकराला हवं तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशात नाही, आणि आई किंवा लेकराचा विश्वास असलेलं माणूस सोबत बसू शकतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं

राग येतो, कळतं मला. पण ग्रुपवर नाव, फोटो, वर्ग, गाव टाकलं की आपल्याच लेकराची ओळख उघडी पडते, पीडित मुलांची ओळख जाहीर करायला कायद्यानेच बंदी आहे. त्रास देणारी पोरंही पोरंच आहेत, त्यांचेही फोटो फिरवू नका. चॅट किंवा फोटोवरून त्रास असेल तर डिलीट न करता स्क्रीनशॉट ठेवा, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर महिला-बालकांच्या तक्रारी नाव न देताही करता येतात.

मिटवून टाकणं

चार मोठी माणसं बसतात, चहा होतो, "आमची काही तक्रार नाही" अशा कागदावर सही घेतात. ही सही करू नका. समजूत झाली असेल तर काय ठरलं ते लिहा, कोण काय करणार आणि कधीपासून. आणि घाईने दाखला काढून दुसऱ्या शाळेत घालायचं तरी आधी अर्जाची पोच घेऊन मग. दाखला अडवून ठेवतील ही भीती आठवीपर्यंत धरू नका, तो मागितल्यावर लगेच द्यायचा आणि उशीर झाला म्हणून नवीन शाळेने प्रवेश नाकारायचा नाही, असं आरटीईत आहे.

अर्ज देऊन महिना झाला, काही हललं नाही, तर माहितीच्या अधिकारात विचारा, "माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, टिपणीच्या प्रती द्याव्यात". दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांच्या आत, विषय एकच, ३० दिवसांत उत्तर. त्या ताईंच्या बाबतीत एवढीही वेळ आली नाही, पोच घेतलेल्या अर्जानंतर आठवड्याभरात केंद्रप्रमुख शाळेत आले आणि मधल्या सुट्टीला हौदापाशी शिक्षक उभे राहायला लागले.

लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहून तुमचा अंगठा आणि साक्षीदाराची सही चालते. आणि १०९८ ही मुलांच्या मदतीची चाइल्डलाइन चोवीस तास फुकट आहे, कोणाच्याही फोनवरून, लेकराला स्वतःलाही लावता येतो, म्हणून तो नंबर वहीच्या मागच्या पानावर आजच लिहून द्या.