गठ्ठ्याची नाडी सोडण्याआधी

पुराभिलेखाच्या, म्हणजे जुने कागद जपण्याच्या, कामात नव्याने आलेली मुलंमुली मला विचारतात, "एका माजी आमदारांच्या घरून कागद आलेत, सुरुवात कुठून करू?" मी सांगते, आठवडाभर काहीच करू नका. बघा, फोटो काढा, वहीत लिहा. त्यांना वाटतं मी प्रश्न टाळते आहे. पण माझ्या पहिल्याच संग्रहाचं मी जे करून ठेवलं त्याची बोच अजून गेलेली नाही, म्हणून सांगते.

अकरा पत्र्याच्या ट्रंका होत्या. एका ग्रामीण मतदारसंघाच्या आमदारांचे १९६२ ते १९७८ या काळातले कागद. नाव सांगत नाही, कुटुंबाला तसा शब्द दिला आहे. ट्रंकांमध्ये खाकी कागदात गुंडाळलेले, लाल नाडीने बांधलेले गठ्ठे होते आणि प्रत्येकावर एक चिठ्ठी: ‘नदीकाठ ४’, ‘वरचा भाग २’. आत सगळी सरमिसळ. विहिरीच्या अनुदानाचा अर्ज, त्याखाली तलाठ्याची तक्रार, मग मुलाला एसटीत चिकटवा म्हणून विनवणी, शाळाखोलीसाठी जिल्हा परिषदेला लिहिलेल्या पत्राची कार्बन प्रत, मध्येच एखादी लग्नपत्रिका.

मला तो पसारा वाटला. संशोधकांची सोय व्हावी म्हणून मी तीन महिने खपून सगळं विषयवार लावलं. पाटबंधारे एकीकडे, शिक्षण एकीकडे, बदल्यांची पत्रं वेगळी. खाकी वेष्टनं, चिठ्ठ्या, नाड्या रद्दीत गेल्या. वरिष्ठांनी कौतुक केलं. त्यानंतर त्या आमदारांचे जुने पीए काका एकदा बघायला आले. त्यांनी विचारलं, "नदीकाठ चार कुठाय?"

मग त्यांनी सांगितलं ते असं: "ताई, साहेब दौऱ्यावरनं आले की जीपमधली पिशवी मी टेबलावर रिकामी करायचो. त्या दौऱ्यात हाती पडलेलं सगळं एका गठ्ठ्यात. नदीकाठ म्हणजे खालच्या अंगाची गावं. चार म्हणजे त्या वर्षातला चौथा दौरा."

हे नीट समजून घ्या, कारण माझं सगळं इथेच फसलं. गावाकडून आलेल्या निम्म्याअधिक अर्जांवर तारीखच नसते. वहीचा अर्धा कागद, खाली दोन सह्या आणि चार अंगठे. एका अर्जात गावाने काम मागितलं होतं, बायामाणसंही खडी फोडायला येतील असं लिहिलं होतं. तो १९७२ च्या दुष्काळातला की त्याच्या दोन वर्षं आधीचा? रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याआधी लोक कामाचा हक्क कोणत्या शब्दांत मागत होते, आणि कधीपासून, हे अभ्यासणाऱ्याला त्या अर्जाचं वर्ष म्हणजेच सगळं काही. अर्जाला ते माहीत नव्हतं, गठ्ठ्याला माहीत होतं. त्याच गठ्ठ्यातल्या लग्नपत्रिकेवर तिथी छापलेली होती, कार्बन प्रतीवर तारीख होती, कधी वर दौऱ्याचा टाइप केलेला कार्यक्रम होता. शेजारच्या कागदांमुळे तो अर्ज काळात नेमका बसत होता. मी शेजार मोडला.

मूळ क्रम जपण्याचा नियम मला पाठ होता. तीन डच अभिलेखपालांनी तो १८९८ मध्ये लिहून ठेवला, हेही माहीत होतं. पण मला वाटायचं, क्रम असला तर तो बघताक्षणी दिसेलच. कामाच्या माणसाने कामासाठी लावलेला क्रम परक्याला बहुधा पसाराच वाटतो, हे कुणी बजावून सांगितलं नव्हतं. म्हणून मी बजावते. नाडी सोडण्याआधी फोटो. मग मऊ पेन्सिलीने प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ट्रंक, गठ्ठा, कागद असे तीन आकडे. चिठ्ठी आणि वेष्टन त्याच गठ्ठ्यासोबत. विषयवार शोध हवा ना? सूची हवी तितकी विषयवार करा, कागद जागचा हलवू नका.

निवडीचं काम याच्या पुढचं. सरकारी कचेरीत कागदांचे वर्ग ठरलेले असतात, ‘अ’ कायमचं, ‘ड’ वर्षभराने निंदणीकरणात, म्हणजे नष्ट करायला, जातं. नेत्याच्या खासगी कागदांना असा तक्ता नाही. इंग्लंडचे हिलरी जेन्किन्सन म्हणत, काय ठेवायचं हे ठरवणं अभिलेखपालाचं कामच नव्हे. अमेरिकेचे शेलेनबर्ग म्हणाले, ते त्याचंच काम आहे. मी शेलेनबर्गांच्या बाजूची, कारण आपल्याकडे जागा नसते आणि आपण ठरवलं नाही तर वाळवी ठरवते. विधानसभेच्या कार्यवाहीचे छापील खंड मी ठेवत नाही, ते इतरत्र मिळतात. समासात पेन्सिलीची खूण असली तर मात्र तो खंड ठेवते. निमंत्रणपत्रिका उलटून पाहिल्याशिवाय कधीच काढू नका. याच संग्रहात एका लग्नपत्रिकेच्या मागे भाषणाचे सात मुद्दे होते, पाचवा खोडलेला, तरी वाचता येणारा. हार-तुऱ्यांचे फोटो थोडे नमुन्याला पुरतात. अर्ज एकसारखे दिसतात म्हणून कमी करायला जाल तर हात आवरा, सगळ्यात मोलाचं तेच.

कुटुंबाशी बोलताना भिडेला पडू नका. देणगीचा करार आधी, ट्रंका नंतर. कोणते कागद किती वर्षं बंद राहतील, परत मागता येतील का, हे त्यात हवं. नेत्याला आलेल्या पत्राचा कागद कुटुंबाचा असला तरी मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याकडे राहतो, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. अर्जांमध्ये आजारपणं असतात, सासरचा छळ असतो, कर्ज असतं. ती माणसं अजून हयात असतील. मंत्रिपदावर असलेल्यांच्या घरी कधी खरी सरकारी फाईलही निघते. ती खासगी संग्रहात रिचवू नका, लेखी कळवा. केंद्राचा १९९३ चा आणि राज्याचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा त्याच आठवड्यात वाचून काढा.

जतनाबद्दल थोडक्यात. सेलोटेप नको, रबरबँड नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. फॅक्सच्या चकचकीत कागदावरची अक्षरं उडत जातात, त्याची आजच झेरॉक्स काढा. वर्तमानपत्रांची कात्रणं आम्लाने शेजारचा कागदही पिवळा करतात, त्यांना वेगळं पाकीट द्या. फाटलेल्याला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, तीही कुणाच्या तरी हाताखाली शिकून. पावसाळ्यात भिंतीला टेकवून कपाट ठेवू नका.

"स्कॅन करून टाका, मोकळे व्हा" असं सांगणारे खूप भेटतील. विस्कटलेले कागद स्कॅन केले की विस्कटलेपण कायमचं होतं, एवढंच मी म्हणेन. आणि गुरू शोधायचा तर अभिलेख कक्षात आयुष्य काढलेला माणूस शोधा. दिल्लीतल्या राष्ट्रीय अभिलेखागाराची पदविका जरूर करा, पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडताना बघा, मोडी शिका, कारण जुनी मंडळी शेरे मोडीत मारत. पण गठ्ठ्याला हात कसा लावायचा हे मला शिकवलं ते पीए काकांनी.

घाबरू नका मात्र. चूक झाली तरी थोडं परत मिळतं. काका पुढचं वर्षभर दर गुरुवारी येत राहिले. एका दुपारी त्यांनी दोन कागद एकावर एक धरून खिडकीपाशी नेले. डाव्या कोपऱ्यात टाचणीच्या गंजाचे दोन ठिपके, दोन्ही कागदांवर तंतोतंत एकाच जागी. एक होता कामाच्या मागणीचा तो बिनतारखेचा अर्ज, दुसरं जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेल्या पत्राची प्रत, नोव्हेंबर १९७२ ची. टाचण्या मीच काढून फेकल्या होत्या, गंज राहिला होता. त्यानंतर आम्ही डाग जुळवत, घड्या जुळवत, वाळवीची भोकं जुळवत बसलो. काही गठ्ठे असे पुन्हा उभे राहिले. ‘नदीकाठ ४’ अर्धाच जमला.

उरलेले अर्ज दोन पेट्यांत आहेत. सूचीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं आहे की मूळ क्रम नोंदणीच्या वेळी मोडला गेला, कुणी, कसा आणि कोणत्या महिन्यांत. वरिष्ठ म्हणाले होते, एवढं लिहायची गरज नाही. त्या पेट्या मागवणाऱ्या प्रत्येक संशोधकाला मी आधी ते पान वाचायला देते.