फॉर्मवर चित्राचं माप नको, फ्रेमसकट माप विचारा

नवोदितांसाठी खुलं प्रदर्शन भरवायचं ठरलं की पहिल्या बैठकीत नाव, पोस्टर आणि उद्घाटक यांवरच बोलणं होतं. उत्साह असतो, होऊ द्या. दुसऱ्या बैठकीत मात्र प्रवेशिकेचा फॉर्म समोर घ्या आणि तो पक्का झाल्याशिवाय उठू नका.

आम्हाला अडकवलं ते याच फॉर्मने. त्यावर 'चित्राचा आकार' एवढाच रकाना होता. चित्रकारांनी चित्राचा आकार लिहिला, त्यांचं काहीच चुकलं नाही. आता हिशेब बघा. रुंदी ६० आणि उंची ४५ सेंटीमीटर असलेलं जलरंगाचं काम निवडलं. ते आलं तेव्हा चारी बाजूंनी ७ सेंटीमीटर माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी, आणि ३ सेंटीमीटर फ्रेम. झालं ८० बाय ६५. एका कामामागे रुंदी २० सेंटीमीटरने वाढली. अशी ४० कामं असली तर ८ मीटर भिंत कमी पडते. दोन फ्रेममध्ये १५ सेंटीमीटर अंतर सोडायचं तर आणखी जवळपास ६ मीटर लागतात. आणि तोवर निवडयादी जाहीर झालेली असते, मुलांनी घरी सांगितलेलं असतं. मग कोणाचं चित्र दाराआड लावायचं आणि कोणाचं दुसऱ्याच्या डोक्यावर, हे मांडणीच्या रात्री ठरतं. ते कोणालाच न्याय्य वाटत नाही, आणि त्यांचं बरोबर असतं.

म्हणून फ्रेमसकट, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत रुंदी आणि उंची विचारा. रुंदी आधी की उंची आधी हे छापून टाका, नाहीतर आडवी चित्रं यादीत उभी होतात. एकक एकच ठेवा. इंच आणि सेंटीमीटर एका यादीत आले की बेरीज गेली. फ्रेम अजून करायची असेल तर 'फ्रेमसकट जास्तीत जास्त रुंदी' लिहून घ्या आणि तीच मर्यादा पाळायला लावा. जाडी आणि वजनही हवं, कारण हुक त्यावर ठरतो. मग स्वतः टेप घेऊन भिंती मोजा. दारं, खिडक्या, स्विचबोर्ड, अग्निशामक नळकांडी वजा करा. जी लांबी उरेल ती निवड समितीच्या बैठकीत सर्वांना दिसेल अशी लिहून ठेवा आणि निवड होत जाईल तशी रुंदीची बेरीज करत जा. इतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही, पण हे टाळू नका. खरंच टाळू नका.

शिल्प असेल तर भोवती फिरायला जागा धरा, आणि व्हिडिओ असेल तर आवाज कुठवर जाईल ते ऐकून बघा.

'खुलं' म्हणजे नक्की काय, हेही फॉर्मवरच लिहायचं. प्रवेशिका सर्वांना खुल्या आणि निवड परीक्षकांची, की शुल्क भरेल त्याचं काम लागणारच? दोन्ही चालतं, मोघमपणा चालत नाही. १८८४ साली पॅरिसच्या 'स्वतंत्र कलावंत' संघटनेने परीक्षक नाहीत आणि बक्षिसंही नाहीत असं जाहीर केलं. त्याच धर्तीवर १९१७ साली न्यूयॉर्कला प्रदर्शन झालं, तिथे तर क्रमसुद्धा आडनावाच्या अक्षरानुसार होता आणि सुरुवात चिठ्ठी काढून 'आर'पासून झाली. तरीही फ्रेंच कलावंत मार्सेल दुशाँ यांनी कलाकृती म्हणून टोपणनावाने पाठवलेलं मुतारीचं चिनी मातीचं भांडं संचालकांनी मांडू दिलं नाही. शुल्क घेतलेलं होतं, नियम स्पष्ट होता, आणि तोच मोडला. दुशाँ स्वतः त्या संचालकांमध्ये होते. त्यांनी राजीनामा दिला. जो नियम अवघड कामासमोर टिकणार नाही तो लिहूच नका.

परीक्षकांबद्दल माझं मत ठाम आहे. नावं झाकून निवड करा, आणि परीक्षकाचा विद्यार्थी यादीत असेल तर त्या कामापुरतं त्यांनी बाहेर बसावं. आयोजकांची कामं लावायचीच असतील तर ती त्याच रांगेतून जाऊ द्यात. मार्गदर्शक म्हणून मोठं नाव शोधत फिरू नका. नाव पत्रिकेवर शोभतं, मांडणीच्या दिवशी येत नाही. त्यापेक्षा ज्याने स्वतः दहा-बारा प्रदर्शनं भिंतीवर चढवली आहेत असा माणूस धरा. तो तुम्हाला तासाभरात जे दाखवेल ते व्याख्यानांत मिळत नाही.

मांडणीची भीती मात्र बाळगू नका, ती शिकता येते. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटीमीटरवर ठेवा. हुकची उंची काढायला १५० मध्ये फ्रेमची अर्धी उंची मिळवा आणि मागची तार ताणल्यावर ती फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितकं वजा करा. फ्रेम ६५ उंच, तार ८ खाली, तर हुक १७४.५ वर. शक्यतो दोन हुक लावा, चित्र तिरकं होत नाही. जलरंग आणि कागदावरची कामं थेट उन्हात नकोत. त्यांच्यासाठी ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास प्रकाश धरतात.

काम घेताना पावती दोन प्रतींत करा. मागे क्रमांक चिकटवा, समोरून आणि मागून फोटो काढा, कोपरा आधीच चेपलेला असेल तर तिथेच लिहून चित्रकाराची सही घ्या. परत देताना तोच कागद समोर धरून दोघांनी तपासायचं. परतीची तारीख आणि वेळ फॉर्मवरच हवी, नाहीतर हॉल रिकामा करायच्या दिवशी अर्धी चित्रं तुमच्याकडेच राहतात.

नकाराचं पत्र यादी जाहीर व्हायच्या आधी, प्रत्येकाला नावाने पाठवा. जागा किती होती आणि प्रवेशिका किती आल्या, हे आकडे त्यात द्या. शुल्क परत मिळणार की नाही तेही पहिल्या दोन ओळींत लिहा.