सोलापूरहून लेहला निघताना : डोक्यासाठी करायच्या तयारीची यादी

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर. रात्रीच्या गाडीने पुणे गाठून पहाटेचे विमान धरले, तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला माणूस लेहमध्ये असतो. शरीराला मात्र तेवढेच अंतर कापायला काही दिवस लागतात. सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्या आमच्या गटातील मंडळी दर उन्हाळ्यात लडाखला जातात. त्यांच्या याद्यांत कानटोपी, हातमोजे, शेंगाचटणी, कडक भाकरी असे सगळे बारकाईने लिहिलेले असते, पण पहिल्याच संध्याकाळी जे हमखास दुखणार आहे त्या डोक्यासाठी एक ओळही नसते. म्हणून ही यादी केवळ डोक्याची आहे. तिचा क्रमही मुद्दाम वेगळा ठेवला आहे : सामान शेवटी येते.

सर्वात आधी डोके का दुखते हे घरातल्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावे, कारण पुढची सगळी तयारी त्यावरच उभी आहे. उंचीवरच्या हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण आपल्याकडच्याइतकेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो सोलापूरच्या दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतो, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक रक्तात मिसळणारा ऑक्सिजन घटतो. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनचा सुमारे पाचवा हिस्सा त्याला एकट्याला लागतो. ही तूट भरून काढण्यासाठी मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मेंदूकडे जास्त रक्त वाहू लागते. त्याच वेळी श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्याच्या घटीमुळे त्याच रक्तवाहिन्या आकसू पाहतात. या ओढाताणीत सुरुवातीला रुंदावणेच वरचढ ठरते. कॅलिफोर्नियातील व्हाइट माउंटनवर ३,८१० मीटर उंचीवर केलेल्या आणि १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांत मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे २४ टक्क्यांनी वाढलेला आढळला आणि तीन ते पाच दिवसांत ही वाढ १३ टक्क्यांवर आली. कवटी काही ताणली जात नाही. आत थोडेसे जरी रक्त वाढले, तरी मेंदूभोवतीचा द्राव आणि शिरांतून परत जाणारे रक्त यांना जागा करून द्यावी लागते. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती त्याच्या आवरणांना आणि आवरणांतल्या रक्तवाहिन्यांना. मात्र रक्तप्रवाह जितका वाढला तितके डोके दुखले, असा सरळ हिशेब निघत नाही. दोन भावंडे एकाच खोलीत राहतात, एकाचे डोके ठणकते आणि दुसरा मजेत असतो. म्हणून दुसऱ्याच्या तब्येतीवरून आपला अंदाज बांधू नये.

आता तारखा. तिकिटे काढण्यापूर्वी कागदावर गावांची नावे लिहू नयेत, मुक्कामांची उंची लिहावी. दिवसभरात किती उंचावर जाऊन आलो यापेक्षा रात्री कोठे झोपलो याला अधिक महत्त्व आहे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे, हा डॉक्टरांनी मान्य केलेला नियम आहे. विमानाने लेहला उतरणारा माणूस हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो, त्यामुळे त्याने लेहमध्ये निदान दोन पूर्ण दिवस राखून ठेवलेच पाहिजेत, आणि साठी ओलांडलेल्यांनी तीन ठेवले तर मला अधिक बरे वाटेल. सवड असेल तर श्रीनगर, कारगिल, लेह हा रस्त्याचा मार्ग उत्तम, कारण श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आणि कारगिल सुमारे २,७०० मीटरवर असल्याने शरीर पायरी-पायरीने चढते. मनाली मार्गावर सरचूचा मुक्काम सुमारे ४,२९० मीटरवर येतो आणि तिथल्या तंबूंत कितीतरी लोक कपाळ धरून रात्र काढतात. या मार्गाने पहिल्यांदा वर जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. लेहहून पुढेही आधी नुब्रा खोरे आणि मग पँगाँग सरोवर असा क्रम ठेवावा. नुब्राला जाताना ५,३५९ मीटरचा खारदुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडावा लागतो खरा, पण रात्री आपण सुमारे ३,१०० मीटरवर झोपतो. पँगाँगची रात्र मात्र ४,२०० मीटरच्या वरची असते.

हा आग्रह मी अनुभवाने धरते. माझ्या पहिल्या सहलीत, ज्या सकाळी आम्ही उतरलो त्याच दुपारी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढण्याचा कार्यक्रम सहलवाल्यांनी ठेवला होता आणि आम्हीही उत्साहाने चढलो. रात्री दोनच्या सुमारास जाग आली तेव्हा दोन्ही कानशिलांत नाडीबरोबर ठोके पडत होते. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि सगळे दुखणे एकदम कपाळात उतरल्यासारखे झाले. मग पाय खुर्चीवर ठेवून, मान ताठ ठेवूनच ती नाडी बांधावी लागली. दोन्ही बाजूंना दुखणे आणि वाकल्यावर, खोकल्यावर, कुंथल्यावर वाढणे, ही उंचीवरच्या डोकेदुखीची नेमकी खूण आहे, हे मला नंतर वाचून कळले. तिसऱ्या दिवशी दुपारी डोके उतरले, पण तोवर दोन दिवस खोलीच्या छताकडे पाहण्यात गेले होते.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांकडे जावे आणि फक्त ‘फिट आहात’ एवढे ऐकून परतू नये. हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण रक्तच कमी असेल तर विरळ हवेतला थोडका ऑक्सिजन वाहून नेणार कोण? आपल्याकडे विशेषतः बायकांच्या बाबतीत ही तपासणी राहून जाते. अर्धशिशीचा त्रास असेल तर तो आवर्जून सांगावा, कारण अशा लोकांना उंचीवर डोकेदुखीचा धोका अधिक असतो. पहिल्या दिवसांत रक्तदाब वाढतो, तेव्हा बीपीच्या गोळ्या बंद करण्याचा किंवा वाढवण्याचा निर्णय स्वतःहून घेऊ नये. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपण ज्याला डायमॉक्स म्हणतो, त्याविषयी याच भेटीत विचारावे. प्रौढांना उंचीच्या त्रासाच्या प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. मूत्रपिंडाचे दुखणे किंवा सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगणे अत्यावश्यक आहे. हे औषध मूत्रावाटे बायकार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार बाहेर टाकून श्वास वाढवते, म्हणजे जे काम शरीर काही दिवसांत करते तेच लवकर घडवून आणते. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वरचेवर जावे लागते आणि सोड्याची पेये बेचव लागतात, हे आधीच ठाऊक असले म्हणजे घाबरायला होत नाही.

पायांची तयारी अवश्य करावी, पण तिच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नये. तलावाला रोज चार फेऱ्या मारणाऱ्यालाही डोकेदुखी चुकत नाही, उलट दमछाक होत नसल्यामुळे तो पहिल्याच दिवशी जास्त धावपळ करतो. भारतीय सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या उंचीवरील आजाराविषयी १९६९ साली निबंध लिहिला. ते सगळे तरुण, कमावलेल्या शरीराचे जवानच होते.

चहाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. सात रस्त्यावरच्या टपरीपासून घरापर्यंत दिवसाला पाच-सहा कप पिणारा माणूस प्रवासात एकाएकी चहा तोडतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचे डोके धरते. कॅफिनमुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. ते अचानक थांबले की त्या सैलावतात, आणि उंचीवर तर त्या आधीच रुंदावलेल्या असतात. मग हे दुखणे चहाचे की उंचीचे, हेच ओळखता येत नाही. ज्यांना कमी करायचा असेल त्यांनी दोन आठवडे आधीपासून एकेक कप कमी करावा, नाहीतर लेहमध्ये नेहमीइतकाच प्यावा. दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र पहिल्या दिवसांत पूर्ण वर्ज्य, कारण झोपेत श्वास आधीच मंदावतो आणि ऑक्सिजन आणखी उतरतो; सकाळी डोके अधिक दुखण्याचे तेही एक कारण आहे. झोपेत शेजारच्याचा श्वास काही क्षण थांबून पुन्हा जोरात सुरू झालेला ऐकू आला, तर ते उंचीवर नेहमीचे आहे.

आता सामान. हाताशी राहील अशा पिशवीत पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी चालेल म्हटले असेल तर आयबुप्रोफेन, उलटीची गोळी, पाण्याची बाटली, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि एक छोटी वही ठेवावी. ऑक्सिमीटर थंड बोटावर चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून बोट चोळून गरम करावे आणि नखांना गडद रंग लावून जाऊ नये. लेहमध्ये नव्वदीच्या खालचा आकडा पाहून घाबरू नये. पहिल्या दिवसांत तो अनेकांचा असतो. माणसाला कसे वाटते आहे याला आकड्यापेक्षा अधिक मान द्यावा. वहीत सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचे डोके, भूक, थकवा आणि चक्कर एवढ्या चारच गोष्टी लिहाव्यात. पाणी लघवीचा रंग फिकट राहील इतके प्यावे, पण भीतीपोटी बाटल्यांवर बाटल्या रिचवू नयेत. त्यानेही डोके दुखते. सोलापुरी चादर घ्यावीशी वाटते, पण ती जड आहे. त्या वजनात दोन लोकरी थर बसतात.

शेवटची तयारी निर्णयाची आहे आणि ती सोलापुरातच, सगळ्यांसमक्ष बोलून व्हावी. डोके दुखत असताना आणखी उंचावर झोपायला जायचे नाही. गोळी आणि विश्रांती घेऊनही दुखणे वाढत असेल, उलट्या होत असतील, तर खाली उतरायचे. एका रेषेत टाचेला अंगठा लावून चालायला सांगितल्यावर तोल जात असेल किंवा बोलणे असंबद्ध होत असेल, तर मेंदूला सूज आलेली असू शकते. बसल्या जागी धाप आणि खोकला असेल, तर फुफ्फुसात पाणी झालेले असू शकते. या दोन्ही वेळी सकाळची वाट न पाहता ऑक्सिजन, डॉक्टर आणि उतार, तिन्ही एकदमच हवेत. हे ठरवताना एक गोष्ट नकाशावर बोट ठेवून दाखवावी : पँगाँगहून लेहला परतायचे तर आधी सुमारे ५,३६० मीटरचा चांग ला चढावा लागतो. न चढता खाली जायचे तर श्योक नदीकाठाने नुब्राकडे जाणारा रस्ता तेवढा उरतो, आणि तो नेहमी उघडा असेलच असे नाही. म्हणून पँगाँगला निघण्याच्या सकाळी लेह किंवा नुब्रामध्येच वही उघडावी, आणि ज्याच्या नावापुढे डोकेदुखी लिहिलेली असेल त्याच्यासोबत एकाने तिथेच थांबायचे. तो सोबती कोण, हे नाव घालूनच यादी घडी करावी.