कंटेनर बांधायचा, चालवायचा आणि नीट थांबवायचा कसा

मशीनवर डॉकर (प्रोग्राम त्याच्या सगळ्या गरजांसकट कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) बसवलेलं आहे, टर्मिनलची सवय आहे आणि तुमचा प्रोग्राम कंटेनरशिवाय व्यवस्थित चालतो, एवढं मी धरून चालतो. पॉडमन हे डॉकरसारखंच दुसरं साधन वापरत असाल तरी हरकत नाही, खालच्या कमांडमध्ये डॉकरच्या जागी पॉडमन लिहिलं की बहुतेक सगळं तसंच चालतं. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.

बांधणी

डॉकरफाइल म्हणजे इमेज (कंटेनर ज्यावरून चालतो तो साचा) कशी बांधायची ते सांगणारी फाइल. पायथनच्या साध्या प्रोग्रामला तिच्यात सहा ओळी पुरतात: फ्रॉममध्ये पायथनची स्लिम इमेज, मग वर्कडिर, मग फक्त रिक्वायरमेंट्सची फाइल कॉपी, मग पिप इन्स्टॉलचा रन, मग बाकीचा सगळा कोड कॉपी आणि शेवटी सीएमडी, म्हणजे कंटेनर सुरू झाला की चालवायची कमांड. क्रम हाच ठेवा. कोड आधी कॉपी केलात तर एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी पॅकेजेस पुन्हा उतरवली जातात. पासवर्ड असलेली डॉट-एन्व फाइल आणि डॉट-गिट फोल्डर डॉट-डॉकरइग्नोरमध्ये टाका, नाहीतर तेही इमेजमध्ये जातं.

मग डॉकर बिल्ड मायनस टी डेअरी:१ आणि शेवटी एक टिंब. डेअरी हे माझ्या इमेजचं नाव, १ हा तिचा टॅग. टॅगला आकडा द्याच. टॅग न दिल्यास आपोआप लागणाऱ्या लेटेस्टवर विसंबलात की महिनाभराने नेमकं काय चालू आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

चालवणं

डॉकर रन, मागे चालत राहण्यासाठी मायनस डी, मायनस मायनस नेम डेअरी, पोर्ट जोडण्यासाठी मायनस पी ८०८०:८०८०, डेटाच्या फोल्डरसाठी मायनस व्ही, आणि शेवटी इमेजचं नाव. ब्राउझरमध्ये काहीच दिसलं नाही तर आतला प्रोग्राम १२७.०.०.१ वर, म्हणजे कंटेनरच्या आतल्या आतच, ऐकत असणार, तो ०.०.०.० वर ऐकायला हवा. बाकी काही बिघडलं तर डॉकर लॉग्ज डेअरी सांगेल.

थांबवणं

बहुतेक मार्गदर्शक इथे "डॉकर स्टॉप द्या" म्हणतात आणि पुढे जातात. मला याचाच राग येतो, कारण माझा डेटा गेला तो इथेच.

एका दूध संकलन केंद्रासाठी मी नोंदींचा प्रोग्राम लिहिला होता. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), सभासद क्रमांक. नोंदी मेमरीत साठायच्या आणि वीस झाल्या की एकदम फाइलीत जायच्या. प्रोग्राम बंद होताना उरलेल्या नोंदी लिहिण्यासाठी शेवटी फायनली ब्लॉक होता. प्रोग्राम सुरू व्हायचा तो स्टार्ट नावाच्या छोट्या शेल स्क्रिप्टमधून. ती आधी फोल्डर आहे का ते पाहायची आणि मग शेवटच्या ओळीत पायथन चालवायची. नवी आवृत्ती चढवायची म्हणजे आधी डॉकर स्टॉप, मग डॉकर रन.

एके दिवशी एक शेतकरी पावती घेऊन आले. पावतीवर सकाळच्या पाळीचं ७.५ लिटर छापलेलं, खात्यात ते दूधच नाही. त्या सकाळी मी नवी आवृत्ती चढवली होती. नोंदी लिहिण्याचा कोड मी चार दिवस ओळ न् ओळ चाळला. कंटेनर टर्मिनलला जोडून स्वतः चालवला, नोंदी टाकल्या, कंट्रोल-सी दाबलं. सगळ्या नोंदी फाइलीत. पुन्हा केलं, पुन्हा सगळ्या फाइलीत.

तुम्ही डॉकर स्टॉप देता तेव्हा काय दिसतं ते नीट बघा. एंटर दाबलं की कर्सर लुकलुकत राहतो. एक, दोन, तीन... बरोबर दहाला प्रॉम्प्ट परत येतो. कितीतरी महिने मला वाटायचं की डॉकरला थांबायला तेवढा वेळ लागतोच. तसं नाही. डॉकर स्टॉप आधी सिगटर्म हा सिग्नल पाठवतो, म्हणजे "आवरतं घ्या" असा निरोप. मग १० सेकंद वाट पाहतो. तोवर काही झालं नाही तर सिगकिल पाठवतो. सिगकिल कुठल्याच प्रोग्रामला पकडता येत नाही, त्यामुळे फायनली ब्लॉक चालत नाही. पूर्ण दहा सेकंद लागत असतील तर बहुधा तुमच्या प्रोग्रामपर्यंत निरोप पोचलेलाच नाही.

तो अडतो दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण, निरोप कुणाला जातो. सिग्नल जातो तो कंटेनरमधल्या पीआयडी १ ला, म्हणजे सगळ्यात आधी सुरू झालेल्या प्रोसेसला. माझ्याकडे ती शेल होती आणि पायथन तिचं लेकरू. शेल आपल्याला आलेला सिगटर्म लेकराला देत नाही. दहा सेकंदांनी शेल मारली जाते आणि पीआयडी १ मेली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या कंटेनरमधल्या उरलेल्या सगळ्या प्रोसेस जागच्या जागी मारतो.

मग कंट्रोल-सी का चालत होतं? तो सिग्नल टर्मिनलकडून येतो आणि समोर चालू असलेल्या अख्ख्या प्रोसेस गटाला जातो. त्यात शेलही येते आणि पायथनही. शिवाय पायथन त्या सिग्नलसाठी, म्हणजे सिगइंटसाठी, आधीपासून तयार असतो. म्हणून माझी चाचणी दर वेळी पास होत होती आणि संकलन केंद्रावर दर वेळी नोंदी गहाळ होत होत्या. कंट्रोल-सीवर चाचणी करू नका. करायची ती डॉकर स्टॉपनेच.

दुसरं ठिकाण जास्त फसवं आहे. शेल बाजूला केली आणि पायथनच पीआयडी १ झाला, तरी दहा सेकंद लागतातच. लिनक्समध्ये साध्या प्रोसेसने सिगटर्मसाठी काही सोय केली नसेल तर ती त्या सिग्नलने मरते. पीआयडी १ ला मात्र कर्नल संरक्षण देतो: ज्या सिग्नलसाठी तिने स्वतः हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) लावलेला नाही, तो तिच्यापर्यंत जातच नाही. सिगकिलचा अपवाद. पायथन सिगइंटचा हँडलर स्वतः लावतो, सिगटर्मचा लावत नाही. तो तुम्ही लावायचा.

तर करायचं हे.

स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत पायथनच्या आधी एक्झेक लिहा. त्या एका शब्दाने शेल स्वतःची जागा पायथनला देते आणि पायथन पीआयडी १ होतो. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमधली सुरुवातीची स्क्रिप्ट उघडून बघा, तीही असाच एक्झेक करून बाजूला होते.

स्क्रिप्ट नसेल तर डॉकरफाइलमधला सीएमडी चौकटी कंसात लिहा, प्रत्येक शब्द वेगळा आणि दुहेरी अवतरणात. एकेरी अवतरण टाकलंत तर डॉकर ती साधी शेलची ओळ समजतो. कंस न टाकता मोकळी ओळ लिहिली तर डॉकर ती शेलमधून चालवतो. कुणी सांगेल की माझ्याकडे मोकळी ओळ लिहूनही नीट थांबतं. खरं आहे, काही शेल एकटीच कमांड असेल तर आपणहून बाजूला होतात. उद्या त्याच ओळीत आधी एक सीडी आणि दोन अँड जोडलेत की तो भरवसा संपला. कंसच वापरा.

मग प्रोग्राममध्ये सिगटर्मचा हँडलर. पायथनमध्ये सिग्नल मॉड्यूलने तो मुख्य थ्रेडमध्ये लावायचा आणि आत फक्त सिस-एक्झिट शून्य. फाइल लिहिण्याचं काम हँडलरमध्ये करू नका. एक्झिट झाली की फायनली ब्लॉक चालतो, ते काम त्याचं.

आता वाईट सल्ल्यांबद्दल. "वेळ वाढवा, मायनस टी ६० द्या" हा सल्ला सगळीकडे मिळतो. निरोप पोचतच नसेल तर दहाऐवजी साठ सेकंद थांबून शेवटी मारलंच जाणार. ज्याला सिग्नल मिळतो पण आवरायला खरंच वेळ लागतो, त्याच्यासाठी तो पर्याय आहे. दुसरा सल्ला, "डॉकर किल द्या, लगेच थांबतो". डेटाबेसवर हे कधीही करू नका. तिसरा, "रनला मायनस मायनस इनिट द्या". हा अर्धा बरोबर आहे. त्याने टिनी नावाची छोटी प्रोसेस पीआयडी १ होते आणि सिग्नल पुढे देते, त्यामुळे पायथन लगेच थांबतो. पण हँडलर नसेल तर तो नोंदी न लिहिताच थांबतो. आणि मधली शेल तशीच ठेवलीत तर टिनीचा निरोप पुन्हा शेलपाशीच अडतो. दहा सेकंदांचा उशीर गेला म्हणून डेटा वाचला असं समजू नका.

वीज गेली तर कुठलाच सिग्नल येत नाही. म्हणून दुधाची प्रत्येक नोंद मी आता आली की लगेच फाइलीत लिहितो. तरीही नीट थांबणं लागतंच, कारण अर्धी लिहिलेली नोंद आणि अर्ध्यावर असलेली पावती याच क्षणी सापडतात.

खात्री करणं

इमेज पुन्हा बांधा, या वेळी डेअरी:२ म्हणून. जुना कंटेनर थांबवून डॉकर आरएमने काढा आणि नव्या इमेजवरून चालवा. जुन्याच इमेजवर रन देऊन "बदल लागू होत नाही" म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत.

आता डॉकर एक्झेक डेअरी कॅट, आणि पुढे प्रॉक फोल्डरमधल्या १ च्या आतली सीएमडीलाइन फाइल. शब्द एकमेकांना चिकटून दिसतील, त्याचं काही नाही. सुरुवात पायथनने झाली पाहिजे. एसएचने झाली तर एक्झेक कुठेतरी राहिला आहे. स्लिम इमेजमध्ये पीएस कमांड नसते, म्हणून हा रस्ता.

मग चार नोंदी टाका आणि टाइम डॉकर स्टॉप डेअरी द्या. नंतर डॉकर पीएस मायनस ए मध्ये कंसातला आकडा बघा. ० म्हणजे प्रोग्राम स्वतःहून नीट बाहेर पडला. १४३ म्हणजे सिगटर्मने मेला, हँडलर लागलेला नाही. १३७ म्हणजे सिगकिल. १३७ मेमरी संपल्यावरही येतो, तेव्हा डॉकर इन्स्पेक्टमध्ये ओओएमकिल्ड ट्रू आहे का ते पाहून घ्या.

शेवटी डेटाची फाइल उघडून चारही नोंदी मोजा. माझा कंटेनर आता एका सेकंदाच्या आत ० देऊन थांबतो, तरी नवी आवृत्ती चढवण्याआधी मी या नोंदी मोजतोच.