हरवलेल्या खाणीचे जुने क्लू वाचायचेत? आधी तारखा लावा

अ‍ॅरिझोनातल्या लॉस्ट डचमन माइनचं, म्हणजे सुपरस्टिशन डोंगरात कुठेतरी हरवली म्हणतात त्या सोन्याच्या खाणीचं, वेड लागलं की माणूस थेट गूगल अर्थ उघडतो आणि वीव्हर्स नीडल सुळक्याभोवती घिरट्या घालत बसतो. तसं करू नका. आधी एक वही घ्या आणि प्रत्येक क्लूपुढे दोनच गोष्टी लिहा, हे कोणी सांगितलं आणि पहिल्यांदा छापून कधी आलं.

कारण ज्याची ही खाण म्हणतात तो जेकब वॉल्ट्झ ऑक्टोबर १८९१ मध्ये फिनिक्सला ज्युलिया थॉमस नावाच्या बाईंच्या घरी वारला आणि पुढचं सगळं ऐकीव आहे. बाई १८९२ मध्ये स्वतः डोंगरात शोधायला गेल्या नि हात हलवत परत आल्या. १८९५ मध्ये बिकनेल नावाच्या लेखकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या पेपरात लिहिलं त्यात गुहेच्या तोंडाशी दोन खोल्यांचं घर आणि घळीपलीकडे झुडपांनी झाकलेला बोगदा आहे, हे जुनं म्हणून वहीत सगळ्यात वर. मग १९३१ मध्ये अ‍ॅडॉल्फ रूथ नावाचा हौशी शोधक जुना नकाशा घेऊन गेला तो गायबच झाला, डिसेंबरात त्याची कवटी सापडली, पेपरवाल्यांना खाद्य मिळालं आणि क्लूंचं नुसतं पेव फुटलं. त्यानंतरचं जे काही असेल त्याला सरळ लाल पेन.

आता सुळक्याच्या सावलीचा क्लू घ्या, दुपारी चारला सावलीचं टोक जिथे पडतं तिथे खोदा वगैरे. कुठल्या महिन्यात, ते कोणी सांगतच नाही! सुळका साधारण १००० फूट धरला आणि जमीन सपाट मानली (ती अजिबात नाहीये) तर जूनअखेर सूर्याच्या वेळेने चारला सावली १३०० फुटांच्या आसपास आणि जवळजवळ पूर्वेला पडते, डिसेंबरात तीच ६००० फूट लांब होऊन ईशान्येला वळते, म्हणजे महिना माहीत नसेल तर क्लू जवळपास निरुपयोगी. शिवाय चार वाजले ते कोणाच्या घड्याळात? इकडे पूर्वी बॉम्बे टाइम आयएसटीच्या ३९ मिनिटं मागे चालायचा ना, तसंच फिनिक्समध्ये सूर्याच्या वेळेने चार वाजतात तेव्हा तिथल्या आजच्या घड्याळात साधारण साडेचार झालेले असतात.

मावळत्या सूर्याचे किरण खाणीच्या तोंडात शिरतात हा क्लूही तसाच. ठाण्यात गच्चीवर जा, येऊरच्या डोंगराआड सूर्य जूनमध्ये कुठे बुडतो आणि डिसेंबरात कुठे ते एकाच जागेवरून फोटो काढून ठेवा, जवळजवळ ५० अंशांचा फरक दिसेल. तिकडे तो ५७ च्या आसपास जातो, त्यामुळे "पश्चिमेकडे तोंड" एवढ्यावर भरवसा ठेवून एकच घळ पक्की करायची नाही.

होकायंत्राचं तर आपल्याला सुचतच नाही, कारण मुंबई-ठाण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळपास एकच. अ‍ॅरिझोनात सुई आज साधारण १० अंश पूर्वेला झुकते आणि वॉल्ट्झच्या काळात याहून जास्त झुकायची. जुनी दिशा नकाशावर टाकताना त्या सालचा झुकाव काढून घ्या, नाहीतर दोन-तीन मैलांत तुम्ही भलत्याच घळीत.

दगडही वाचा. सुपरस्टिशन हा मुख्यतः ज्वालामुखीचा डोंगर, सोन्यासाठी फारसा आशादायक नाही, पण पश्चिमेच्या पायथ्याला गोल्डफील्डमध्ये १८९० च्या दशकात खरोखर सोनं निघालं. माझा कल तिकडेच आहे.

प्रत्यक्ष जायचा प्लॅन असेल तर सुपरस्टिशन वाइल्डरनेसमध्ये (त्या डोंगराचं राखीव रान) १९८४ पासून नवीन खाणीचा दावा लावता येत नाही. आणि हौस फिटली नाही म्हणून इकडच्या गडावर कुदळ मारायला जाऊ नका, १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचा सापडलेला ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो आणि संरक्षित किल्ल्यावर खोदणं हा गुन्हाच आहे.