बारा स्लॉट, दहा ध्रुव: मोटरचा पहिला नमुना बनवताना

संगणकावर मोटर उभी करण्याआधी तिचा हिशेब एका पानावर हाताने मांडा. सॉफ्टवेअरने दिलेला आकडा भलताच आहे, हे कळायला पहिल्या नमुन्याच्या वेळी तेवढे एकच पान हाताशी असते.

उदाहरणाला रोटरवर (फिरणाऱ्या भागावर) निओडिमियम चुंबके चिकटवलेली, १२ स्लॉट (तारा भरायच्या खाचा) आणि १० चुंबकीय ध्रुवांची तीन फेजची मोटर घेऊ. बॅटरी ४८ व्होल्ट, वेग मिनिटाला ३००० फेरे. स्टेटरचा (स्थिर भागाचा) आतला व्यास ५० मिमी, स्टॅम्पिंगच्या (त्याच्या लोखंडी पत्र्यांच्या) थप्पीची लांबी ४० मिमी, एअरगॅप म्हणजे दोन्हींमधली फट १ मिमी, चुंबकाची जाडी २ मिमी आणि रुंदी ध्रुवाच्या अंतराच्या सुमारे ७० टक्के.

फॅनशिवाय चालणाऱ्या लहान मोटरला रोटरच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला १२ किलोन्यूटन स्पर्शी बल धरा. π/२ × व्यासाचा वर्ग × लांबी × हे बल केले की टॉर्क (पिळाचे बल) १.९ न्यूटन-मीटर येतो.

आता टर्न, म्हणजे तारेचे वेढे. एअरगॅपमधल्या चुंबकीय क्षेत्राचे शिखर ०.८५ टेस्ला धरले तर दर ध्रुवाचा फ्लक्स (एकूण चुंबकीय प्रवाह) ०.३४ मिलिवेबर. ध्रुवजोड्या ५, म्हणून ३००० फेऱ्यांना वारंवारता २५० हर्ट्झ. या वायंडिंगचा गुणक, म्हणजे फ्लक्सचा वेढ्यांना खरोखर उपयोगी पडणारा वाटा, ०.९३३. ४८ व्होल्टमधून फेजला जास्तीत जास्त २७.७ व्होल्ट शिखर मिळते. करंट आत ढकलायला जागा हवी, म्हणून बॅक ईएमएफ (फिरत्या चुंबकांमुळे वायंडिंगमध्ये उलटा तयार होणारा व्होल्टेज) शिखराला २२ व्होल्टच ठेवा. उत्तर येते फेजला ४४ टर्न, म्हणजे चार कॉइल आणि प्रत्येकीत ११ टर्न. पूर्ण टॉर्कला करंटचे शिखर १८ अँपिअर. २२ गेजच्या (एसडब्ल्यूजी मापाच्या) सहा तारा एकत्र घेतल्या की दर चौरस मिमीला साधारण ५.४ अँपिअर पडतात, आणि हाताने भरायचा स्लॉट सुमारे १३० चौरस मिमीचा लागतो. वायंडिंगवाल्याला ‘११ टर्न, सहा तारी’ असे सांगितले की पुरते.

मग फेम (FEMM) उघडा. चुंबकीय क्षेत्राचा हिशेब करणारे डेव्हिड मीकर यांचे हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला उत्तम आहे. इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली चुंबकाची. फेमला हवी असलेली कोअर्सिव्हिटी (चुंबकाचे क्षेत्र शून्यावर आणायला लागणारे उलटे क्षेत्र) म्हणजे चुंबकाचे स्वतःचे अवशिष्ट क्षेत्र भागिले पारगम्यता. १.२८ टेस्लाच्या एन४२ प्रतीच्या चुंबकाला आणि १.०५ सापेक्ष पारगम्यतेला ती ९७० किलोअँपिअर प्रति मीटर येते. डेटाशीटमधली अंतर्गत कोअर्सिव्हिटी तिथे घालू नका. एसएच या जास्त तापमान सोसणाऱ्या प्रतीच्या चुंबकाला ती १५९२ असते आणि तोच आकडा भरला तर मॉडेलमध्ये २.१ टेस्लाचे चुंबक तयार होते. असे चुंबक जगात नाही!

दुसरी मेशची, म्हणजे मॉडेल ज्या बारीक त्रिकोणांत विभागले जाते त्या जाळीची. १ मिमीच्या एअरगॅपमध्ये मेशचे किमान तीन थर हवेत. फेम कमान सरळ तुकड्यांनी काढते, म्हणून तुकडा ०.५ अंशाचा ठेवा आणि रोटरही ०.५ अंशाच्याच पायरीने फिरवा. १२ आणि १० चा लसावि ६०, म्हणजे कॉगिंग (करंट नसतानाही दात आणि चुंबकांच्या ओढीने बसणारे हिसके) दर ६ अंशांनी पुन्हा यायला हवे. आलेखात ती लय दिसली नाही, तर तुम्ही मोटर पाहत नसून मेशचा गोंगाट पाहत आहात.

वायंडिंगला क्रम असा द्या, दात एक ते बारा, अ, ब, क हे तीन फेज: अ+ अ− ब− ब+ क+ क− अ− अ+ ब+ ब− क− क+. अधिक म्हणजे घड्याळाच्या दिशेने, उणे म्हणजे उलट. हा कागद कॉइल भरणाऱ्याच्या समोर भिंतीवर चिकटवा. वार्निश करण्याआधी फेज आणि बॉडीमधले इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजण्याच्या मीटरवर) तपासा, कारण वार्निश सुकल्यावर कॉइल सोडवणे फार जिकिरीचे.

ड्राइव्ह (मोटर चालवणारे इलेक्ट्रॉनिक्स) जोडण्याआधी मोटर लेथवर ६०० फेऱ्यांनी फिरवा. हा वेग मुद्दाम निवडला आहे: वारंवारता बरोबर ५० हर्ट्झ येते आणि साधा मल्टिमीटरही चालतो. दोन फेजमध्ये साधारण ५.४ व्होल्ट दिसायला हवेत. तिन्ही जोड्या सारख्या पण पाच-सात टक्के कमी असतील, तर चुंबकाखालचा गोंद, एअरगॅप आणि थप्पीच्या टोकांना होणारी गळती पाहा. ती गळती फेमच्या द्विमितीय मॉडेलला दिसत नाही. एका फेजचे व्होल्ट (त्याच फेजच्या दोन टोकांमध्ये मोजलेले) इतर फेजच्या जवळपास अर्धे असतील, तर त्या फेजची एक कॉइल उलटी बसली आहे. हा दोष कितीही चांगल्या ड्राइव्हने झाकला जात नाही, त्या कॉइलची जोडणीच सुलटी करावी लागते.

लोड चाचणीत तापमानाचा अंदाज रोधावरून घ्या. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. थंड असताना २० अंशांना मोजलेला रोध ३० टक्के चढला, तर वायंडिंग ९६ अंशांच्या आसपास आहे. साधे एन४२ सुमारे ८० अंशांपर्यंतच भरवशाचे, तेव्हा मोटर इतकी तापणार असेल तर १५० अंशांची एसएच चुंबके मागवा आणि मॉडेलमधले अवशिष्ट क्षेत्र दर अंशाला ०.१२ टक्के उतरवून टर्न पुन्हा काढा.